नेटवर चाललेला माझा बेदाण्याचा कारखाना

आधी हातातले कप खाली ठेवा बरं. मधेच ठसका लागला तर मला बोल लावायचा नाही! मी जो घोळ घालून ठेवलाय ना, तो घालायलासुद्धा डोकं लागतं. कुणालाही जमायचा नाही तो.

मी एसटीत कंडक्टर होते, हे सांगायला नकोच. माझा आवाज ऐकला की कुणीही ओळखतं. नोकरीतली सगळी वर्षं नाशिक–वणी आणि नाशिक–पिंपळगाव या दोन रस्त्यांवर गेली. सकाळी गाडीत पाय ठेवला की संध्याकाळी उतरेपर्यंत तोंडाला कुलूप नाही. पुढे सरका! सुट्टे काढा! अहो आजोबा, तुमचा फाटा मागे गेला, झोपलात काय? कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाच्या पोराचं लग्न जमत नाही, कुणाचा नवरा ऐकत नाही, सगळं मला ठाऊक. गाडीत जितकी माणसं तितकी गाऱ्हाणी. वैताग यायचा हो! वाटायचं, कधी एकदा रिटायर होते आणि कधी एकदा शांत बसते.

झाले रिटायर. बसले शांत. आणि आठवड्याभरात ती शांतता मला खायला उठली.

नाशिकला उपनगर भागात पहिल्या मजल्यावर आमचा फ्लॅट. हे जाऊन बरीच वर्षं झाली. अमोल, माझा मुलगा, नोकरीसाठी बेंगळुरूला. घरात मी आणि फ्रीज. तो मधूनमधून घुरघुरायचा, तेवढीच सोबत. पौर्णिमेला विहारात गेलं की चार बायका भेटायच्या, पण पौर्णिमा काय रोज येते? एकदा तर स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येताना मी सवयीनं ओरडले, "तिकिटाचं कोण राहिलंय?" आणि मग माझी मीच खाली बसले. हसताय? हसा. मला त्या दिवशी रडू आलं होतं.

अमोल मधे येऊन गेला तेव्हा त्यानं घरात नेट बसवून घेतलं. भिंतीतून वायर आली, टीव्हीशेजारी एक डबा बसला, त्याचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले. "आई, आता रोज व्हिडिओ कॉल करायचा. समोरासमोर बसल्यासारखं." पहिला आठवडा केला बिचाऱ्यानं. मग एक दिवसाआड. मग रविवारी. मग रविवारच्याही मीटिंगा निघायला लागल्या. आता सांगा, डबा बिनकामाचा रात्रंदिवस वीज जाळतोय, हे माझ्यासारखीला बघवेल का? मी त्याचा प्लग काढला आणि तिथं मिक्सर लावला. डब्यावर लोकरीचं कव्हर विणून घातलं. अमोलनं कधी साध्या फोनवर विचारलं, "आई, नेट चालतंय ना?" की मी म्हणायची, "चालतंय काय, धावतंय!" उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला?

अशात उन्हाळा लागायच्या सुमाराला एक दिवस ती मुलगी आली.

म्हणजे आधी तिचा आवाज आला. मी दार किलकिलं करून जिन्यातलं बोलणं ऐकत होते. त्या वेळी माझी सगळ्यात मोठी करमणूक तीच होती. वरच्या मजल्यावरच्या काळेवहिनी कुणाला तरी सांगत होत्या, "नेट आहे हो, पण आम्हाला त्याचा काही फायदा नाही. झालं?" आणि दार धाडकन बंद. पाहुणी दोन मिनिटांत बाहेर!

आता गंमत बघा. दाराच्या फटीतून दिसलेली हीच मुलगी सकाळी खाली भावसारांच्या किराणा दुकानात बसलेली मी गॅलरीतून बघितली होती. भावसार हल्ली फोनवर ऑर्डरी घेतात, सामान घरपोच देतात, धंदा जोरात. तर त्यांच्याकडे तिचा तासभर मुक्काम! आधी चहा, मग थंडगार ताक, हसणं, बोलणं.

मी तिथल्या तिथे ताडलं. नेटचा फायदा झालेल्याकडे तासभर बसतात, न झालेल्याकडे दोन मिनिटं. सरकारी काय, खासगी काय, जग असंच असतं. इतकी वर्षं माणसं बघितलेली बाई मी, मला एवढं कळणार नाही?

तर नव्हतं कळलं. पण ते पुढे.

बेल वाजली. दारात पोरगी उभी. पाठीला सॅक, हातात टॅब, उन्हानं तोंड लालबुंद. "नमस्कार मावशी, मी ऋतुजा. घरोघरी ब्रॉडबँड आल्यावर लोकांच्या कमाईत, धंद्यात काय फरक पडला, त्याचा आम्ही अभ्यास करतोय. थोडे प्रश्न विचारू का?"

मावशी म्हणाली हो! किती दिवसांनी कुणी नात्याची हाक मारली होती.

"आत ये आधी. बस, पाणी पी. प्रश्न कुठं पळून जात नाहीत."

ती पाणी प्यायली, तिनं टॅब उघडला आणि विचारलं, "नेट आल्यापासून तुमची काही आर्थिक प्रगती झाली का?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. आणि तो शब्द बोलला की काय होतं, ते मी आत्ताच जिन्यात ऐकलं होतं.

"झाली ना!" मी म्हणाले. "चिक्कार झाली!"

"अरे वा! काय करता तुम्ही?"

आली का पंचाईत? मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. खिडकीत एका ताटात द्राक्षं पडली होती. पिंपळगावच्या एका ओळखीच्यांनी पाटीभर पाठवली होती. एकटीनं किती खाणार? सुरकुतायला लागली म्हणून तशीच उन्हात ठेवलेली.

"बेदाणे," मी म्हणाले. "बेदाण्यांचा धंदा आहे माझा. नेटवर विकते."

"सांगता काय! माल कुठपर्यंत जातो?"

आता मला बाजारपेठा काय ठाऊक? पण रस्ता पाठ होता ना. मी डोळे मिटले आणि सुरू केलं, "दिंडोरी, अवनखेड, लखमापूर फाटा, वणी…"

ती टॅबवर टिपता टिपता थांबली. "मावशी, सगळा माल एकाच रस्त्यावर जातो का?"

"हो मग! मधे हात दाखवला तरी थांबतो."

"आणि कामाला बायका किती आहेत?"

"बसून अकरा," मी म्हणाले, "आणि उभ्या चार."

"उभ्या?"

"म्हणजे… उभ्यानं काम करणाऱ्या ग. वजनकाट्यावर."

तिनं तेही टिपलं! माझ्या बोलण्यातला एकेक शब्द कुणीतरी लिहून घेतंय, हे आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. गाडीत तर मी घसा फोडून सांगितलेलंसुद्धा कुणी ऐकायचं नाही.

चहा झाला, मग पोहे झाले. ती दारात जाऊन चप्पल घालताना म्हणाली, "मावशी, पुढच्या महिन्यात परत येईन हां. तुमच्याकडे बरंच विचारायचं राहिलंय." बघा! माझा अंदाज बरोबर होता की नाही? त्या संध्याकाळी धुवायला दोन कप होते. मी ते दोनदा धुतले.

झालं. तिथून पुढे माझा धंदा जो वाढला, जो वाढला, की काही विचारू नका.

दर महिन्याला ऋतुजा यायची आणि तिच्या टॅबमध्ये नवे प्रश्न असायचे. विक्री वाढली का? वाढली. नवं गिऱ्हाईक? सुरतेला माल जायला लागला. सुरत का, तर नाशिकहून सुरतेची गाडी आहे एवढंच मला ठाऊक. पिंपळगावला शेड टाकली. शेडवर दुसरी शेड टाकली. वजनकाटा बदलला. एकदा तिनं विचारलं, "मावशी, धंद्यात अडचण काय येते?" तर मी म्हणाले, "गर्दी फार होते, आणि सुट्टे पैसे मिळत नाहीत."

पण खरं सांगू? ते प्रश्न म्हणजे निमित्त होतं. ते आटपले की टॅब सॅकमध्ये जायचा आणि मग आमच्या गप्पा. ती सटाण्याकडची. इथं कॉलेज रोडला एका बाईंकडे पैसे देऊन राहायची. तिथलं वरण इतकं पातळ, म्हणायची, की ताटात थांबतच नाही. मी बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत करून ठेवायची. ती मांडी घालून जेवायची, आणि जेवता जेवता तिच्या आईचा फोन यायचा. मग ही अहिराणीत सुरू. "माय, मी बरी शे. तू जेवनी का?" मला अर्धं कळायचं, पण कान भरून ऐकायची.

ती गेली की घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटायचं. म्हणून मग मी पुढच्या महिन्याच्या थापांची तयारी करायची. कॅलेंडरवर तारीख बघायची आणि आता कुठल्या गावी माल पाठवावा याचा विचार करत पडून राहायची. कारखानदाराला झोप लागत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

एक दिवस ऋतुजा धापा टाकत जिना चढून आली. "मावशी! आमचे मोठे साहेब पुण्याहून येतायत. नाशिकमधली सगळ्यात भारी केस तुमची निघाली. त्यांना तुमचं काम डोळ्यांनी बघायचंय. रविवारी!"

माझ्या हातातला झारा कढईत पडला.

"शेड लांब आहे," मी म्हणाले.

"गाडी आहे त्यांची."

"शेडला… कुलूप आहे. पावसाचं पाणी आत येतं म्हणून सगळं सामान सध्या घरीच आणलंय."

"मग तर सोपंच झालं! घरीच येतो आम्ही."

आता घरी होतं काय? एक फ्रीज, एक मिक्सर आणि ताट. त्या ताटातल्या द्राक्षांचे बेदाणे कधीच झाले नव्हते, त्यांना बुरशी आली होती आणि मी ती केव्हाच टाकून दिली होती.

काय करावं सुचेना. मग विमलची आठवण झाली. विमल माझ्या गाडीची रोजची प्रवासी. पिंपळगावच्या एका पॅकहाउसमध्ये द्राक्षं पेट्यांत भरायला जायची, बरोबर तिची आख्खी टोळी. खिडकीसाठी भांडायच्या आणि मग सगळ्या मिळून मला डब्यातलं खाऊ घालायच्या. रिटायर झाल्यापासून मी तिला एकदाही फोन केला नव्हता. कामाशिवाय कसा करायचा? ती म्हणेल, बाईला उद्योग नाही. आता उद्योग होता, म्हणून केला.

सगळं सांगितलं. पलीकडे हसण्याचा असा स्फोट झाला की मी फोन कानापासून लांब धरला.

"ताई, लय भारी काम केलं तुम्ही! काय बी घाबरू नका. पावसाळ्याचं आमचं पॅकहाउस बंदच हाय, बाया घरीच बसल्यात. रविवारी सगळ्यांना घेऊन येते. तुम्ही फकस्त बेदाणं आणा."

बेदाणे मी मेन रोडवरच्या सुकामेव्याच्या दुकानातून आणले. दुकानदार म्हणाला, "ताई, लग्न आहे का घरात?" म्हटलं, "नाही, प्रगती आहे."

रविवार उजाडला. विमल बायका घेऊन आली ती थेट तयारीनिशी! डोक्याला जाळीच्या टोप्या, अंगात अ‍ॅप्रन, हातात मोजे. माझ्या हॉलमधला सोफा भिंतीला गेला, चादरी अंथरल्या गेल्या, रिकामे क्रेट रचले गेले. बायकांनी ओळीत बसून बेदाणे निवडायला आणि पुड्या भरायला घेतल्या. कुणीतरी गाणं धरलं. कुणी माझ्या ओट्यावर चहा टाकला. कुणाच्या सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, कुणाच्या पोराचं लग्न शेवटी जमलं होतं. मी उगाच पुढून मागे आणि मागून पुढे फिरत होते, जागा होती तरी म्हणत होते, "सरका ग, सरका." इतकी खुशीत होते की साहेब येणार आहेत हेच विसरले.

साहेब आले. उंच, चष्मा, हसरा चेहरा. ऋतुजा मागे उभी, माझ्याकडे अभिमानानं बघत. साहेबांनी विमलला विचारलं, "या कामामुळे तुम्हाला काही फरक पडला का?"

विमलनं मोजे काढले, डोळ्याला पदर लावला. "साहेब, ताईंमुळं आमचं घर उभं ऱ्हायलं. ताई नसत्या तर आमी काय केलं असतं, इचारू नका."

मी तिला डोळ्यांनी खुणावत होते की बाई, पुरे. पण ती आता चौथ्या गिअरला होती.

साहेब भारावले. मला म्हणाले, "मॅडम, इंटरनेट घरात आलं की विकास कसा होतो, याचं तुम्ही चालतंबोलतं उदाहरण आहात. अभिनंदन! आता आमच्या बाजूनं तुमची केस पूर्ण झाली."

"पूर्ण म्हणजे?"

"म्हणजे यापुढे तुम्हाला आमचा त्रास नाही. ऋतुजा आता येणार नाही."

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. "अहो, पण माझी एवढी प्रगती झालीय! प्रगती झालेल्यांकडेच तुम्ही येता ना?"

साहेब हसले. "उलट! ज्यांची गाडी मार्गी लागली, त्यांच्या प्रगतीची खात्री पटली की आमचं काम झालं. ज्यांच्या घरात नेट येऊनही काहीच वाढ झाली नाही, त्यांच्याकडे आम्ही दोन वर्षं दर महिन्याला जातो. वाढ कुठं अडली, हेच तर आम्हाला शोधायचंय. तुमच्या वरच्या मजल्यावर त्या काळे आहेत ना, त्यांच्याकडे ऋतुजा नेमानं जाते."

काळेवहिनींकडे! ज्या तिला दारातून आत घेत नाहीत त्यांच्याकडे! माझ्याकडून निघाली की ही पोरगी जिन्यानं वर जायची, तेव्हा मला वाटायचं की गच्चीवर रेंज बघायला जाते.

म्हणजे पहिल्या दिवशी मी खरं बोलून 'नाही' म्हटलं असतं, तर दोन वर्षं! दर महिन्याला! भरीत, भाकरी, सगळं! आणि मी माझ्या हातानं, मेहनत घेऊन, सुरतेपर्यंत माल पाठवून, स्वतःचं वाटोळं केलं होतं.

मी तिथल्या तिथे पवित्रा बदलला. "साहेब, माझा धंदा बुडालाय."

"कधी?"

"आत्ता. म्हणजे नव्हताच. खोटं आहे हे सगळं. हे बेदाणे मेन रोडवरून आणलेत. मला बेदाणे करता येत नाहीत!"

साहेब ऋतुजाकडे वळून म्हणाले, "बघ, मोठी माणसं किती साधी असतात."

"ताईंचं असंच हाय," विमल म्हणाली. "कवा स्वतःचं कौतुक करून घेनार नाय. लय लाजाळू!"

"विमल, गप बस ग!"

"बघा, कशा लाजल्या!"

मी हात धरून साहेबांना टीव्हीजवळ नेलं. लोकरीचं कव्हर काढलं. "हे बघा तुमचं नेट. बंद आहे. प्लगसुद्धा लावलेला नाही. तिथं मिक्सर आहे, मिक्सर! यावर काय आर्थिक वाढ होणार? चटणी होते फक्त!"

साहेब क्षणभर गोंधळले. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात मागून ऋतुजाच म्हणाली, "सर, त्या सगळं मोबाइलवरूनच करत असतील." आणि साहेब म्हणाले, "कमाल आहे या बाईंची!" आणि माझ्या हातात फुलांचा गुच्छ देऊन त्यांनी फोटो काढला. तुम्ही कधी खरं बोलून खोटं पडलाय का? मी पडलेय. फोटोत माझं तोंड बघा, कुणी मेल्यासारखं दिसतंय.

ते गेले. बायका जेवून, हसून, शेवटच्या गाडीच्या आधी निघाल्या. विमल जाताना म्हणाली, "आता तरी फोन करत जा, ताई. काम नसलं तरी." मी मान हलवली. सोफा जागेवर ढकलला. चादरीखाली चारदोन बेदाणे सापडले, ते खाल्ले आणि दिवा मालवून पडले.

पुढच्या महिन्यात तारीख आली तशी मी सवयीनं वांगं भाजलं. ऋतुजा आली. म्हणजे बिल्डिंगमध्ये आली. तिची पावलं माझ्या दाराशी आली, जराशी थांबली आणि वर गेली. थोड्या वेळानं वरचं दार धाडकन बंद झालं, पावलं खाली आली, पुन्हा थांबली आणि निघून गेली. मी आत दाराला कान लावून उभी. दार उघडून नुसतं "ये ग" म्हणायचं, एवढंच होतं. पण मला वाटलं, काम नसताना तिनं कशाला यावं? नोकरी होती म्हणून यायची ती. प्रवाशाचं उतरायचं ठिकाण आलं की कंडक्टरनं त्याला धरून ठेवायचं नसतं. भरीत मी दोन दिवस खाल्लं.

त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. मात्र या महिन्यात, परवा, मला राहवलं नाही. ती वरून उतरत असताना मी दार उघडलं. हातात कचऱ्याची बादली घेतली होती, उगाच कारण असावं म्हणून. बादली रिकामी होती.

"मावशी!" ती एकदम खुलली. "तुम्ही घरी? दर वेळी वाटतं बेल वाजवावी. पण तुमचा एवढा व्याप, पंधरा बायका हाताखाली, सुरतेची ऑर्डर… माझ्यासारखीनं बिनकामाचं येऊन तुमचा वेळ कशाला घ्यायचा, म्हणून दारापर्यंत येते आणि तशीच जाते."

ऐकलंत? ती बाहेर थांबलेली, मी आत थांबलेली, आणि मधे माझा कारखाना! मी स्वतःला इतकं मोठं करून ठेवलं होतं की मला कुणाची गरज असेल, हे त्या पोरीच्या मनातही आलं नाही.

आता मात्र सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून मी बादली खाली ठेवली. "ऋतुजा, तुला एक खरं सांगायचंय."

"मलाही सांगायचंय, मावशी. मी आधी बोलू? नाहीतर मला धीर नाही व्हायचा." ती दुपट्ट्याचं टोक पिळायला लागली. "आई गावी एकटीच असते. फोनवर बरी शे म्हणते, पण नसते हो बरी. मीही नसते. तिला इकडे घेऊन येते म्हटलं तर म्हणते, पोरीच्या जिवावर बसून खाणार नाही, हाताला काम असेल तर येते. तर तुमच्याकडे… एवढ्या बायका आहेत. अजून एक चालेल का? काहीही करेल ती."

सांगा, काय म्हणायला हवं होतं मी? तुम्ही म्हणाल, हीच वेळ होती खरं बोलायची. तोंड उघडलंही होतं मी. पण तिचे डोळे भरले होते, आणि भरल्या गाडीतसुद्धा कुणाला जागा नाही म्हणायचं माझ्या जिवावर यायचं.

"चालेल का काय विचारतेस?" मी म्हणाले. "आण तिला. मला माणसं कमीच पडतायत."

तिनं मला जिन्यातच मिठी मारली. मग आत आली, जेवली, आणि माझ्यासमोरच आईला फोन लावून सांगितलं. ती माउली पलीकडे रडत होती की हसत होती, मला अहिराणीतलं कळलं नाही. गुरुवारच्या गाडीनं निघतेय.

काल मी मिक्सर काढला, डब्याचा प्लग लावला आणि अमोलला विचारून विचारून नेटवर शोधलं, बेदाणे कसे करतात. नेटनं सांगितलं, प्रथम चांगली पिकलेली द्राक्षं घ्यावीत. आता द्राक्षं निघायला अजून थंडी पडायचीय! विमलला फोन केला तर ती म्हणते, "ताई, आमी ओली द्राक्षं भरतो, वाळवायचं आपल्याला नाय ठावं."

म्हणून तुम्हाला सगळ्यांना आज चहाला बोलावलंय. पापड म्हणा, मसाले म्हणा, शिवण म्हणा, कुणाला काय येतं ते पटापट बोला. कामाला बाई मिळालीय, ती गुरुवारी हजर होतेय. कारखाना तेवढा काढायचा राहिलाय!